सार्डिनिया बेटाची फेरीबोट धरण्यापूर्वी इटलीतील जेनोआत तीन रात्री बेड अँड ब्रेकफास्टमध्ये राहायचे असल्यास खोली कोठे घ्यावी?

पुढे फेरीबोटीने जायचे असल्याने पियात्सा प्रिंचिपे स्थानकाच्या आसपासची खोली सोयीची ठरेल, कारण रेल्वे, मेट्रो आणि फेरीबोटींचा धक्का ही तिन्ही तेथून जवळ आहेत. मला स्वतःला जुन्या शहरातील, ‘कारुज्जी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अरुंद गल्ल्यांमधील खोल्या अधिक आवडतात. मात्र तेथे टॅक्सी बहुधा दारापर्यंत येत नाही आणि अनेक निवास जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर असल्यामुळे लिफ्ट आहे का, हे आरक्षणापूर्वीच यजमानांना लेखी विचारून घ्यावे. (जड बॅगा घेऊन चार मजले चढण्यात कसली आली सुट्टी!) अशा घरगुती निवासांत सहसा रात्रभर स्वागतकक्ष उघडा नसतो, म्हणून पोहोचण्याची वेळ आधी कळवावी. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणे इटलीत यजमानांवर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे पासपोर्ट मागितल्यास शंका घेऊ नये. शहराचा पर्यटन कर बहुधा खोलीभाड्याव्यतिरिक्त भरावा लागतो. न्याहारी बहुतेक ठिकाणी गोडच, म्हणजे कॉफी आणि क्रोसाँसारखी पेस्ट्री, एवढीच असते. सकाळी खारे खाण्याची सवय असलेल्यांनी जवळच्या बेकरीतून ताजा फोकाच्चा (ऑलिव्ह तेल घातलेला खारा, चपटा पाव) आणावा.