दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्याला काय उपयोग?

उपयोग आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. या केंद्रात रुग्णांवर उपचार होत नाहीत. साथ कुठे उठतेय, कशामुळे, आणि पुढे कुठे जाईल, याचा माग काढणं हे त्याचं काम. १९०९ साली मलेरियाच्या अभ्यासासाठी सुरू झालेली ही संस्था, १९६३ मध्ये तिचा व्याप वाढला, आजचं नाव २००९ चं.

गोचीड चावल्याने होणाऱ्या माकडतापाचंच बघा. हा आजार १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, पुढे महाराष्ट्रातल्या दोडामार्गात आणि गोव्यातल्या सत्तरीतही आला. आपल्याकडची माणसं काजूच्या हंगामाला तिकडेच जातात. पाचोळ्यात बसून बिया गोळा करताना मोहरीएवढी गोचीड पायाला चिकटते, कळतही नाही. ताप भरतो घरी परतल्यावर. म्हणजे लागण एका राज्यात, रुग्ण दुसऱ्या राज्यात! कर्नाटकातल्या निपाणीचा माणूस कोल्हापूरला दाखवतो, महाराष्ट्रातल्या चंदगडचा बेळगावला येतो, तिथेही हीच अडचण. राज्यांच्या नोंदी एकत्र पाहणारं कुणीतरी वर लागतंच.

ती नोंद सुरू होते गावातच. आरोग्यसेविका, डॉक्टर आणि प्रयोगशाळा आपापली माहिती भरतात, ती जिल्ह्यामार्फत दिल्लीपर्यंत जाते. २००४ पासून ही पद्धत आहे.

म्हणून कळकळीने सांगते, ताप आला तर डॉक्टरांना ‘काजूला गेलो होतो’ हे आधी सांगा. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आशाताईंना लगेच कळवा.