जॉर्जियाचं सापेरावी काटोलात लागेल का?

प्रश्न : आमची मुलगी जॉर्जियात, तिबिलिसीला डॉक्टरकी शिकते. तिथल्या सापेरावी नावाच्या काळ्या द्राक्षाची लाल वाइन करतात म्हणे. सुट्टीत येताना चार काड्या आणते म्हणते. संत्र्याच्या बागेशेजारी दोन एकर वावर मोकळं आहे. लावू का?
– एक संत्रा बागायतदार, काटोल तालुका

उत्तर : दादा, मुलीला आजच फोन करा आणि काड्या आणू नको म्हणून सांगा. परदेशातून लागवडीची काडी आणायची तर २००३च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना लागतो. काडीसोबत नवा रोग आला, तर तो तुमच्या कुंपणाशी थांबणार नाही.

सापेरावी माझं फार आवडतं द्राक्ष. सप्टेंबरअखेर काखेती या तिथल्या द्राक्षपट्ट्यातल्या एका बागेत मी एक मणी बोटांत चिरडला, तर तळहात लालभडक झाला. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीत असतो, रस फिकाच निघतो. याचा गरसुद्धा लाल! नावाचा अर्थच मुळी 'रंग देणारं'. तिथं तुडवलेली द्राक्षं सालीबियांसकट मातीच्या मोठ्या रांजणांत आंबवतात. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या या रांजणांना क्वेव्री म्हणतात. युनेस्कोनं २०१३मध्ये ही पद्धत अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. मणी उशिरा पिकतो, साखर भरपूर भरते, तरी आंबटपणा टिकून राहतो. म्हणून ती वाइन वर्षानुवर्षं मुरवता येते.

आता तुमचं वावर. आंबिया बहारासाठी तुम्ही संत्र्याचं पाणी तोडता ना? तसा ताण या वेलीला तिथला हिवाळा देतो. पानं झडतात, वेल झोपते, वसंतात फुटते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून नाशिककडे हे काम कात्रीनं करतात : एप्रिलात नव्या फुटीसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी. खरडीनंतर फुटलेल्या कोवळ्या काड्यांमध्येच पुढच्या हंगामाची सूक्ष्म घडनिर्मिती होते, आणि नेमका तेव्हा आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या अंगणात नाशिकहून आणलेल्या तीन वेली होत्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पानं कडेनं भाजली, एक वेल गेली. उरलेल्या दोघींना मिळून सात घड लागले.

घड धरले तरी फेब्रुवारी-मार्चचं ऊन मण्यातला आंबटपणा जाळतं, म्हणजे सापेरावीचा मुख्य गुणच जातो. त्यात गारपीट. श्रावणात काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, केवडा हा बुरशीचा रोग येतो, ते वेगळंच. शिवाय वाइनचे कारखाने बहुतेक नाशिककडे, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. दोन एकर अडकवू नका.

हौस मात्र जरूर करा. खायच्या जातीच्या दोन वेली विहिरीजवळ, उंच वाफ्यावर लावा. संत्र्याला जंबेरीचा खुंट घेता, तसं इथं डॉगरिज खुंटावरचं कलम घ्या. गोडी छाटणी पाऊस पुरता गेल्यावरच करा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. सावलीची हिरवी जाळी अक्षय्य तृतीयेच्या आधी मांडवावर चढली पाहिजे. मी दोन आठवडे उशीर केला होता.