माहितीपट लावण्याआधी

सप्रेम नमस्कार.

नववीच्या वर्गाला मानवी हक्क शिकवताना 'हमारा शहर' दाखवण्याचा तुझा विचार आहे, हे पत्रातून समजले. निवड चांगली आहे. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ सालच्या या माहितीपटात मुंबईच्या पदपथांवर आणि झोपडपट्ट्यांत राहणारी माणसे, त्यांची घरे पाडणारी पालिका आणि या माणसांविषयी सुखवस्तू मुंबईकरांची मते हे सारे एकमेकांसमोर येते. शिवाय, बालभारतीच्या ज्या पुस्तकातून मी शिकवले त्यात मानवी हक्क 'आंतरराष्ट्रीय समस्या' या प्रकरणात येत असत, आणि हक्कांचा प्रश्न कुठल्यातरी दूरच्या देशातला आहे अशी मुलांची समजूत होत असे. ती समजूत दूर करण्यासाठी आपल्याच राज्यातले उदाहरण हवे. फक्त हा माहितीपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत लावू नकोस.

पहिल्या वेळी मी तसेच केले होते. दोन तासिका जोडून घेतल्या, खिडक्यांना चादरी बांधल्या, आणि माहितीपट संपल्यावर "काय वाटले?" असे विचारले. "वाईट वाटले", "गरिबांना मदत केली पाहिजे" अशी उत्तरे आली आणि मला समाधान वाटले. नाल्याकाठच्या वस्तीत राहणारा एक मुलगा मागच्या बाकावर बसला होता. घरे पाडली जात असताना वर्गातल्या काहींनी त्याच्याकडे वळून पाहिले, हे मला दिसले होते, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तो पुढचे दोन दिवस शाळेत आला नाही. हक्कांच्या तासाला मी दया शिकवली होती, आणि ज्याची दया करायची तो वर्गातच बसलेला होता.

पुढच्या वर्षापासून मी दहा-बारा मिनिटांचेच भाग दाखवू लागले आणि प्रश्न बदलला. पडद्यावरच्या माणसाने काय सोसले हे मुलांना न विचारताही दिसते. तो काय मागतो आहे, कोणाकडे मागतो आहे आणि ते देणे कोणावर बंधनकारक आहे, हे मात्र विचारावे लागते. या माहितीपटात एक स्त्री कॅमेरा घेऊन आलेल्यांनाच धारेवर धरते. गरिबांचे चित्रीकरण करून तुम्ही नाव कमावणार, अशा अर्थाचे ती बोलते, आणि दिग्दर्शकाने ते कापून टाकलेले नाही. तो भाग अवश्य दाखव. आज मुलांच्या घरोघरी कॅमेऱ्याचे फोन आहेत, त्यामुळे कोणाचे दुःख कोणाच्या संमतीने टिपायचे हा प्रश्न त्यांचाही आहे.

मात्र चित्र एकटे पुरत नाही, त्याच्या शेजारी कागद ठेवावा लागतो. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, पदपथांवरच्या रहिवाशांना हटवून मुंबईबाहेर पाठवण्याची घोषणा राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी केली आणि त्यातून पत्रकार ओल्गा टेलिस व इतरांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जुलै १९८५ रोजी, सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, कारण जगण्याचे साधन काढून घेतले तर जगणेच काढून घेतल्यासारखे होते. बहुतेक शिक्षक येथे थांबतात. तू थांबू नकोस. त्याच निकालाने पदपथावर घर करण्याचा हक्क मान्य केला नाही. सूचना न देता अतिक्रमण हटवण्याची मुभा आयुक्तांना देणारे पालिका कायद्याचे कलम ३१४ रद्द केले नाही, मात्र सूचना न देणे हा अपवादच असावा असे बजावले. झोपडपट्ट्यांच्या १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना मालाडजवळच्या मालवणीत किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी जागा द्याव्यात असे म्हटले, पण घर हटवण्याआधीच त्या द्याव्यात अशी अट घातली नाही. आणि पदपथांवरच्या झोपड्यांना हात लावण्यासाठी ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना होईपर्यंत, थांबायला सांगितले.

हे सारे फळ्यावर लिहिल्यावर माझ्या वर्गात एका मुलीने विचारले होते, "मग बाई, जिंकले कोण?" त्याचे उत्तर मी दिले नाही आणि तूही देऊ नकोस. हक्क मान्य होणे आणि तो हाती येणे यांत अंतर असते, हे मुलांनी त्या निकालातून स्वतः शोधायला हवे. मी दिलेले उत्तर त्यांनी परीक्षेपुरतेच लक्षात ठेवले असते.

परवानगीची काळजी फार करू नकोस. प्रेक्षक शाळेतलेच कर्मचारी, विद्यार्थी आणि पालक असतील, तर शाळेच्या उपक्रमात चित्रपट दाखवण्याची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ देते. मुख्याध्यापकांना माहितीपट आधी संपूर्ण दाखव आणि पालकांना विषय कळव. निवडलेला भाग तू स्वतः किमान दोनदा पाहा. एकदा त्या मागच्या बाकावरच्या मुलाच्या जागी बसून पाहा.

भाग संपल्यावर लगेच हात वर करायला सांगू नकोस, कारण ज्याला सर्वांत जास्त बोलायचे असते तो अशा वेळी हात वर करत नाही. मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटत असे आणि नाव न लिहिता प्रश्न लिहायला सांगत असे. एका वर्षी एका चिठ्ठीवर लिहिलेले होते, "घराला नोटीस आली तर किती दिवस मिळतात आणि कोणाकडे जायचे?" त्या प्रश्नासाठी मी पुढची संपूर्ण तासिका राखून ठेवली, आणि त्या दिवशी प्रोजेक्टर कपाटातून बाहेर काढला नाही.

तुझी,
एक निवृत्त शिक्षिका