कुत्र्याची शी उचलण्याचा नियम: कोणावर, कुठे आणि कुठपर्यंत

तुमचे प्रश्न तीन आहेत. कुत्र्याला फिरवायला पगारी माणूस नेतो आणि तो शी उचलत नाही, तर दंड कोणाला? गवतात, झुडपात केली तरी उचलावी लागते का? आणि शेवटी मातीतच मिसळणार आहे, तर खत म्हणून पडू दिली तर काय बिघडलं?

तिसऱ्यापासून सुरुवात करतो. तो नीट कळला की नियम एवढे कडक का असतात हेही कळतं.

गाईचं शेण खत होतं म्हणून कुत्र्याची शीही होईल, असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. पण गाय चारा खाते, कुत्रा मांस आणि प्रथिनांनी भरलेलं खाद्य खातो, आणि त्याच्या पोटातले काही जंत माणसालाही बाधतात. त्यातला महत्त्वाचा गोलकृमी म्हणजे टोक्सोकारा कॅनिस. त्याची अंडी ताज्या शीत संसर्गजन्य नसतात. मातीत पडून राहिली की साधारण दोन ते चार आठवड्यांत आत अळी तयार होते आणि मग ती बाधू शकतात. तोवर शी सुकून, विरून दिसेनाशी झालेली असते. अंडी मात्र मातीत कित्येक महिने, अनुकूल जागी काही वर्षंही टिकतात. ‘पावसाने गेली वाहून’ असं आपण म्हणतो तेव्हा धोका संपलेला नसतो, उलट सुरू होत असतो. मातीत खेळणारी लहान मुलं तोच हात तोंडात घालतात. अळ्या यकृतात, फुप्फुसात जातात, आणि क्वचित डोळ्यात गेल्या तर दृष्टी कायमची अधू होऊ शकते. ताजी शी लगेच उचलली की ही साखळी तिथेच तुटते. एवढ्या कमी कष्टात एवढं मोठं काम होतं, म्हणून मी याबाबतीत आग्रही आहे.

‘माझा कुत्रा तर ठणठणीत आहे’ यावर विसंबू नका. पिल्लाला हे जंत आईच्या पोटातच मिळू शकतात आणि ते वरून अगदी गुटगुटीत दिसतं. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, आणि त्वचेवर नागमोडी, खाजरी लाल रेघ उठते. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणूही शीतून पसरतो, जमिनीत महिनोन् महिने टिकतो आणि लस पूर्ण न झालेल्या पिल्लांचा जीव घेतो. अनेक शहरांत रस्त्यावरचं पावसाचं पाणी कुठलीही प्रक्रिया न होता थेट नदीनाल्यात जातं, म्हणजे शीतले जंतू आणि नायट्रोजन, फॉस्फरसही तिकडेच. घरच्या कंपोस्टमध्ये टाकायचा विचार असेल तर भाजीपाल्याच्या खतासाठी अजिबात नको. जंतांची अंडी मरतील एवढी उष्णता त्या ढिगात सहसा टिकत नाही.

आता दंड कोणाला. न्यूयॉर्कचा शी उचलण्याचा कायदा १ ऑगस्ट १९७८ पासून लागू झाला. त्यात कुत्र्याचा मालक, तो ज्याच्या ताब्यात आहे तो आणि जो त्याला सांभाळतोय तो, अशा सगळ्यांवर जबाबदारी आहे. इंग्लंड-वेल्ससाठी १९९६ साली झालेल्या कायद्याची रचना वेगळी होती: कुत्रा एरवी ज्याच्याकडे असतो तोच जबाबदार, पण त्या वेळी दुसरं कोणी त्याला सांभाळत असेल तर ती व्यक्ती जबाबदार. जगभरचे स्थानिक नियम बहुतेक या दोन तऱ्हांच्या आसपास असतात. म्हणून तुमच्या नियमात ‘मालक’ लिहिलंय की ‘कुत्रा ज्याच्या ताब्यात आहे तो’, हे आधी बघा. आणि नियम काहीही असो, फिरवणाऱ्याला पिशव्या तुम्हीच द्या आणि उचलणं हा त्याच्या कामाचा भाग आहे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. न सांगता तो करेल असं धरून चालू नका.

गवत आणि झुडपं सुटत नाहीत. लोकांना जिथे मोकळेपणी जाता येतं ती जागा सार्वजनिक, मग खाली फरशी असो की हिरवळ. १९९६च्या त्या कायद्यात शेतजमीन, जंगल अशा काही जागा वगळल्या होत्या. पण गुरं चरतात तिथे तर मी मुद्दाम उचलायला सांगेन, कारण कुत्र्याच्या शीतून पसरणाऱ्या निओस्पोरा या परजीवीमुळे गाई गाभडतात. ‘मला दिसलंच नाही’ किंवा ‘पिशवी नव्हती’ ही सबब चालणार नाही, असं त्या कायद्यातच लिहिलेलं होतं. आता इंग्लंड-वेल्समध्ये कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक पालिकेचे, आदेश लागू असतात, आणि काही ठिकाणी विचारल्यावर जवळची पिशवी दाखवावी लागते. अंध व्यक्तींना मात्र सूट असते, आणि ती योग्यच आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण पिशवीत भरून वाटेच्या कडेला ठेवणं, ‘येताना नेतो’ म्हणणं, किंवा फांदीला अडकवणं हे उचलण्यात धरलं जात नाही. बऱ्याच ठिकाणी तो कचरा टाकण्याचा वेगळा गुन्हा होतो. पिशवीवर ‘विघटनशील’ लिहिलेलं असलं तरी तेच. अशा पिशव्या विरल्याच तर कंपोस्ट प्रकल्पातल्या उष्णतेत विरतात, झुडपात नाही. कचरापेटी दिसली नाही तर घरी न्या.

उचलायची पद्धत: पिशवी आधी फुंकून भोक नाही ना ते बघा, मग हातावर उलटी चढवा. बोटं थोडी गवतात घालून खालून चिमटीत धरा, पिशवी सुलटी करा, हवा काढून गाठ मारा. जुलाब झाले असतील तर वर कागद दाबून जेवढं निघेल तेवढं त्या कागदासकट उचला. पाणी ओतू नका, त्याने घाण फक्त पसरते. घरी आल्यावर साबणाने हात धुवा.

आणि उचलताना एक नजर टाका. रक्त, शेंबडासारखा चिकट स्राव, किंवा तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे तुकडे दिसले (हे पट्टकृमीचे असतात) तर ताजा नमुना डबीत घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. जंताचं औषध किती दिवसांनी द्यायचं तेही त्यांनाच विचारा, कारण ते कुत्र्याच्या वयावर आणि तो कुठे हिंडतो, काय खातो यावर ठरतं.