वाचकांचे प्रश्न : हंसराज ओळखावा कसा, जपावा कसा?

प्रश्न : श्रावणात घरामागच्या जांभ्याच्या गडग्यावरून काळ्या, चकचकीत देठाचा एक नाजूक नेचा काढून कुंडीत लावला. दिवाळीपर्यंत तो छान होता. आता रोज पाणी घालूनही सगळी पाने वाळून गेली. माझे काय चुकले? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही आणि ती कुंडी कृपया रिकामी करू नका. सोबतच्या छायाचित्रात अर्धचंद्राकृती पर्णिका, प्रत्येकीला केसासारखा बारीक देठ, न फाटणारा एकच मुख्य दांडा आणि त्या दांड्याचे पुढे लांबत जाऊन जमिनीला टेकलेले टोक स्पष्ट दिसते. हा आपला रानातला हंसराज, म्हणजे ॲडिअँटम फिलिपेन्स. टेकलेल्या टोकाला मुळे फुटून तिथे नवे रोप तयार होते, त्यामुळे एकाच पावसाळ्यात हा नेचा गडग्यावर पावलापावलाने सरकताना दिसतो. पाऊस संपला की त्याची पाने वाळणे हा त्याचा नेमच आहे. मातीतले आखूड खोड मात्र जिवंत असते. वाळलेली पाने मातीलगत कात्रीने कापावीत, कुंडी सावलीत ठेवावी आणि माती अगदी कोरडी होणार नाही इतपतच पाणी द्यावे. झोपलेल्या खोडाला रोज पाणी घातले तर ते कुजण्याची भीती असते. मृगाच्या सरी आल्या की गोगलगायीच्या शंखासारखे गुंडाळलेले कोंब आपोआप वर येतील. हंसराजासारखाच दिसणारा, पण अंगावर लव असलेला आणि पर्णिकांना देठ जवळजवळ नसलेला नेचा आढळला, तर तो याचा भाऊबंद ॲडिअँटम कॉडेटम किंवा त्याच्या अगदी जवळची जात समजावी.

प्रश्न : रोपवाटिकेतून आणलेल्या ‘मेडनहेअर’च्या पानांच्या कडा महिन्याभरात करपल्या. तो पश्चिमेच्या बाल्कनीत आहे आणि पाणी बोअरवेलचे आहे. हा आणि रानातला हंसराज एकच का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कुळ एकच, जात वेगळी, आणि म्हणूनच निगाही वेगळी. कुंडीत विकला जाणारा नेचा बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेतून आलेला ॲडिअँटम रॅडिॲनम असतो. त्याचे पान तीन-चार वेळा विभागत जाते आणि सबंध पानाचा आकार त्रिकोणी दिसतो. ओल्या कातळांवर आणि जुन्या विहिरींच्या चुन्याच्या बांधकामात वाढणारा ॲडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस त्याच्याशी फार मिळताजुळता आहे. दोघांतला फरक ओळखायचा असेल तर पर्णिका उजेडासमोर धरून भिंगातून पाहावी. शिरा कडेच्या दातांमध्ये जाऊन संपत असतील तर तो कॅपिलस-व्हेनेरिस, आणि दोन दातांमधल्या खाचेत संपत असतील तर रॅडिॲनम. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पुन्हा विसरत नाही.

रॅडिॲनमला हंसराजासारखी सक्तीची झोप नसते, त्याला वर्षभर ओल लागते. माती एकदा जरी पूर्ण सुकली, तरी पातळ पर्णिका काही तासांत चुरगळतात आणि त्या पुन्हा हिरव्या होत नाहीत. पश्चिमेचे दुपारचे ऊन आणि मार्च ते मे महिन्यांतला पुण्याचा कोरडा वारा त्याला सोसत नाही. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीशी, इतर कुंड्यांच्या दाटीत त्याला जागा द्यावी; पानांवर फवारलेले पाणी थोड्याच वेळात उडून जाते, म्हणून निव्वळ फवाऱ्यावर भिस्त ठेवू नये. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार मातीत साचून कडा करपू शकतात. शक्य असेल तर पावसाचे पाणी साठवून वापरावे, नाहीतर अधूनमधून कुंडीत भरपूर पाणी ओतून ते तळाच्या भोकातून पूर्ण वाहून जाऊ द्यावे. कुंडी भरताना दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग कोकोपीट आणि एक भाग विटांचा जाडसर चुरा घ्यावा. खत फक्त वाढीच्या दिवसांत, नेहमीच्या निम्म्या प्रमाणात द्यावे. सगळी पाने गेली तरी हताश होऊ नका. ती कापून माती ओलसर ठेवली, तर खोडातून बहुधा काही आठवड्यांत नवे कोंब येतात.

प्रश्न : पानांच्या मागे कडेला तपकिरी ठिपके आले आहेत. कीटकनाशक मारावे का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : मुळीच नाही. ठिपके पर्णिकेच्या खाली, कडेच्या दुमडलेल्या घडीपाशी ओळीने असतील, तर ते बीजाणूंचे आहेत. नेच्याला फूल आणि बी येत नाही, त्याचा वंश याच बीजाणूंतून चालतो, आणि अशी दुमडलेली कड ही या कुळाची पक्की खूण आहे. शंका असेल तर तीच पर्णिका पाण्यात बुडवा : ती भिजत नाही, उलट अंगावरच्या हवेच्या पातळ थरामुळे चांदीसारखी चमकते. या कुळाच्या ग्रीक नावाचा अर्थही ‘न भिजणारा’ असाच आहे. ठिपके मात्र देठांवर वेडेवाकडे पसरलेले आणि नखाने सहज खरवडून निघणारे असतील, तर ते खवले कीटक असण्याची शक्यता आहे; अशी पाने कापून टाकावीत, कारण तीव्र औषधाने आधी नेचाच जळतो.