पुण्यात पहाटे एकट्याने अनवाणी धावायला सुरुवात करायची आहे. आधी गवतावर सराव करू का? तळवे किती दिवसांत घट्ट होतात? बेअरफूट शूज कुठले घ्यावेत?

गवतावर नको. हा वाद आमच्या घरात दर दिवाळीला होतो, म्हणून तुमच्या तीन प्रश्नांपैकी हाच आधी घेतो. आमच्या मेहुण्यांसकट निम्मं पुणं नवख्याला सांगतं, ‘आधी बागेत, हिरवळीवर पळ, मग रस्त्यावर ये.’ ऐकायला प्रेमळ सल्ला आहे, पण चुकीचा आहे. गवतात काय पडलंय ते दिसत नाही. बाटलीची काच, बाभळीचा काटा, कुत्र्याची घाण, मुंग्यांचं वारूळ, सगळं झाकलेलं असतं. पहाटेच्या दवाने कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी लवकर फाटते. मुख्य म्हणजे मऊ जमीन तुमच्या चुका पोटात घालते. बुटात टाच आपटायची सवय लागलेला माणूस गवतावरही टाचच आपटतो, आणि ते त्याला कळतही नाही. गुळगुळीत डांबरावर हीच टाच दहाव्या पावलाला कवटीपर्यंत ठणकते. पाऊल सुधारायला तोच ठणका लागतो. सुरुवात कडक, सपाट आणि नजरेला स्वच्छ दिसणाऱ्या जागेवर करा.

आता बेअरफूट शूज. घेऊ नका. कारण समजून घ्या, बाकीचं आपोआप कळेल. तळव्याची कातडी साधारण चार ते सहा आठवड्यांत तयार होते. पोटरी, टाचेमागची जाड शीर आणि चवड्यातली लांब हाडं यांना महिने लागतात. पहिले काही आठवडे कातडीच तुमचा ब्रेक असते. चारशे मीटरनंतर तळवा चुरचुरतो, तुम्ही थांबता आणि हाडं वाचतात. पातळ तळाचे ‘बेअरफूट’ बूट घातले की ब्रेक काढून टाकला. मग माणूस पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटर पळतो आणि तिसऱ्या आठवड्यात हाडाला बारीक तडा घेऊन बसतो. पाच बोटांच्या बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हायब्रमने आरोग्याच्या फायद्यांच्या दाव्यांवरून चाललेला अमेरिकेतला खटला 2014 मध्ये 37.5 लाख डॉलर मोजून मिटवला. चूक कबूल केली नाही, पैसे दिले.

प्रत्यक्ष कसं करायचं? अनवाणी भाग धावण्याच्या सुरुवातीला घ्या, शेवटी नाही. दमलेली पोटरी चवड्याला आवरत नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड 400 मीटर, बास. मग नेहमीचे बूट चढवून नेहमीचं पळणं पुरं करा. त्यानंतर दर तिसऱ्या खेपेला 200 मीटर वाढवा. तीन महिन्यांत सलग तीन किलोमीटर जमले तर उत्तम चाललंय. पोटरी दोन दिवसांपेक्षा जास्त दुखली तर आकडा वाढवायचा नाही, तोच पुन्हा करायचा.

पाऊल शरीराच्या खाली पडलं पाहिजे, पुढे फेकलेलं नको. आधी चवड्याची बाहेरची कड टेकते, मग चवडा आणि लगेच टाच. टाच टेकतेच. सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात. ‘टाच आपटू नको’ याचा अर्थ ‘टाच टेकवू नको’ असा घेतात आणि नर्तकीसारखं चवड्यांवर पळतात. दोन आठवड्यांत पोटरी धरते. तालासाठी उजवं पाऊल 15 सेकंदांत किती वेळा पडतं ते मोजा, 22-23 हवं. अठरा-एकोणीस येत असेल तर ढांगा लांब पडतायत. आवाजही ऐका. पहाटेच्या शांततेत तुमचं पाऊल तुम्हाला ‘थप’ असं ऐकू आलं तर चुकतंय.

फोड कुठे आला त्यावरून चूक कळते. अंगठ्याखाली आला तर मागे ढकलून पळताय. बोटांच्या टोकांना आला तर बोटांनी रस्ता पकडायचा प्रयत्न चाललाय. टाचेला आला तर ब्रेक मारताय. चवड्याच्या मधोमध आला तर पाऊल टेकल्यावर पिळवटतंय. कातडी भाराने सोलत नाही, घासण्याने सोलते. पाऊल सरळ खाली ठेवून सरळ वर उचललं तर डांबरही काही करत नाही. म्हणून ‘तळवे किती दिवसांत घट्ट होतात’ हा प्रश्नच थोडा तिरका आहे. चांगल्या अनवाणी धावणाऱ्याचा तळवा दगडासारखा नसतो, चामड्यासारखा लवचीक आणि गुळगुळीत असतो. एका जागी जाड घट्टा आला तर ती कमाई नाही, तिथे रोज घासतंय एवढंच. जाड कातडीला भेगा पडतात आणि टाचेची खोल भेग काचेपेक्षा जास्त दिवस घरी बसवते. आठवड्यातून एकदा आंघोळीत वज्री फिरवा, रात्री भेगांपुरतं खोबरेल लावा.

कुठे पळायचं? पुण्यात आहात, तर जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता. 1976 साली दहा वर्षांच्या हमीवर झालेल्या जंगली महाराज रस्त्याचे दाखले पुणेकर अजून देतात, ते उगीच नाही. दोन्ही रस्ते एकेरी आहेत आणि वाहनं समोरून आलेली दिसली पाहिजेत. म्हणून जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्ववरून डेक्कनकडे आणि फर्ग्युसनवर गुडलक चौकातून वर, अशा उलट दिशेने पळा. रस्त्याच्या अगदी कडेने मात्र नको. काच, खडी, वाळू सगळं पाण्याबरोबर आणि वाऱ्याने कडेला जमतं. गाडीची चाकं जिथून जातात तो पट्टा टायरनेच झाडून निघालेला असतो. पहाटे पाच-सव्वापाचला रस्ता रिकामा असतो तेव्हा त्या पट्ट्यात, गाडी दिसली की बाजूला. रंगाचा पांढरा पट्टा कोरडा असताना सगळ्यात सुखाचा आणि ओला असताना सगळ्यात निसरडा. चौकातल्या मास्टिकवर (डांबराच्या जाड कडक थरावर) काळी टोकदार खडी दाबलेली असते, तिथे सरळ चाला. नव्या काँक्रीटवर आडव्या रेघा ओढलेल्या असतात, त्या नवख्या तळव्याला किसणीसारख्या लागतात. रविवारी पहाटे जाऊच नका, शनिवारची रात्र रस्त्यावर पडलेली असते. मंगळवार-बुधवार बरे.

विजेरी डोक्याला नको, कमरेला लावा. वरून पडलेला उजेड रस्ता सपाट दाखवतो. खालून तिरका पडलेला उजेड प्रत्येक खड्याची सावली पाडतो आणि काच चमकते. नजर पाच-सहा मीटर पुढे ठेवा, पायाशी नको. फोन खिशात, कानात काही नाही.

सगळे काचेला भितात, पण खरी शत्रू तार आहे. फाटलेल्या रेडियल टायरच्या चिंधीतून केसाएवढ्या पोलादी तारा निघतात, त्या कुठल्याही उजेडात दिसत नाहीत. सायकलवाल्यांना विचारा. काळी चिंधी दिसली की तिच्या भोवतालचे दोन मीटर सोडायचे.

टोचलंच तर पुढे एकही पाऊल टाकू नका, दर पावलाला ते आत जातं. कमरेच्या पिशवीत बारीक टोकाचा चिमटा, नळीत ठेवलेली शिवणाची सुई, स्पिरिटचा बोळा, कागदी चिकटपट्टी आणि रिक्षापुरते दोनशे रुपये हवेत. कट्ट्यावर बसून पाय मांडीवर घ्या आणि फोनचा दिवा बाजूने धरा. काच पारदर्शक असते, समोरच्या उजेडात हरवते, बाजूच्या उजेडात लुकलुकते. बोटाचं टोक अगदी हलकं फिरवा. जिथे टचकन लागतं तिथे सुईने वरची मेलेली कातडी कातडीला समांतर उचला. खाली खोदायचं नाही. टोक मोकळं झालं की चिमट्याने, ज्या वाटेने आत शिरलं त्याच वाटेने बाहेर ओढा. थोडं रक्त येऊ द्या, पाण्याने धुवा, पट्टी लावा. दिसत नसेल तर घरी येऊन पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा आणि पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशी ठणका किंवा लाली असेल तर डॉक्टर. काच बहुतेक वेळा एक्स-रेमध्ये दिसते, लाकडाचा काटा दिसत नाही, तेव्हा काय टोचलं ते त्यांना सांगा.

कुत्री. पळू नका. थांबा, वळून तोंड त्यांच्याकडे करा, मग चालत निघा. त्यांचा इलाका छोटा असतो. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस.

पावसाळ्यात अंतर निम्मं करा आणि डबक्यात पाय कधीही नाही, तळ दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत उलटा त्रास. गारठ्याने तळवा बधिर होतो, मग काच शिरलेलीही कळत नाही. बधिर वाटलं की बूट.

वेग वाढेल, ही आशा सोडा. सगळे इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं नाव घेतात. 1960 मध्ये रोमला ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत जिंकली, खरं आहे. पण 1964 मध्ये टोकियोला तोच माणूस बूट घालून 2 तास 12 मिनिटं 11 सेकंदांत जिंकला, हे कोणी सांगत नाही. हार्वर्डचे संशोधक डॅनियल लिबरमन यांचा ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातला 2010 चा अभ्यासही एवढंच दाखवतो की अनवाणी पळायची सवय असलेले चवड्यावर उतरतात आणि जमिनीचा पहिला तडाखा कमी बसतो. दुखापती कमी होतात असं त्यात सिद्ध केलेलं नाही. मिलिंद सोमण 2016 मध्ये अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी आले, पण त्यामागे वर्षानुवर्षांची सवय होती. आणि वारीत अनवाणी चाललो म्हणून पळता येईल असं नाही, चालण्यात दोन्ही पाय एकदम जमीन सोडत नाहीत.

राहिलेलं आताच सांगतो, खरं तर आधी सांगायला हवं होतं. पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवून एकाच जागी दुखत असेल तर धावणं बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, तेवढ्यावर खूश होऊन पळू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर या आठवड्यात घ्या. आणि मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा संवेदना कमी असेल, तर अनवाणी पळायचंच नाही. वर लिहिलेलं सगळं तळव्याला कळतं या भरवशावर लिहिलंय. आमच्या मेहुण्यांना दहा वर्षं शुगर आहे. त्यांनी बूट घालावेत, हिरवळीवरसुद्धा.