वीज गेली तरी ध्वनिमुद्रण चालू राहावे म्हणून: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कार्यक्रम चालू असताना सभागृहातील वीज गेली आणि अडॅप्टरवर चालणारा रेकॉर्डर बंद पडला. कार्डावर फाइल दिसते, पण तिचा कालावधी शून्य दाखवला जातो आणि ती उघडत नाही. मुद्रण गेले असे समजावे का?

इतक्यात तसे समजू नका. वेव्ह (.wav) या ध्वनिफाइलच्या आरंभी एक छोटी नोंद असते आणि पुढे आवाजाचा मजकूर किती बाइटचा आहे, तो आकडा त्या नोंदीत लिहिलेला असतो. अनेक रेकॉर्डर हा आकडा ‘स्टॉप’ दाबल्यानंतरच भरतात. त्यामुळे मध्येच वीज गेली की आवाज कार्डावर उतरलेला असतो, पण नोंद कोरी राहते आणि संगणक फाइल रिकामी आहे असे धरून चालतो. अशा वेळी त्या कार्डावर नवे काहीही मुद्रित करू नये, ते फॉरमॅट करू नये आणि संगणकाने दुरुस्तीची तयारी दाखवली तरी ती नाकारावी. आधी संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा (इमेज), म्हणजे त्यावरील प्रत्येक बाइटची नक्कल, संगणकावर घ्यावी. त्यानंतरच कार्ड त्याच रेकॉर्डरमध्ये घालावे, कारण काही रेकॉर्डर अपुरी राहिलेली फाइल ओळखून स्वतःच पूर्ण करतात.

तसे न झाल्यास घेतलेल्या प्रतिमेतून फाइल बाहेर काढून ती ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रॉ’ प्रकाराने, म्हणजे आरंभीची नोंद न वाचता, उघडावी आणि मुद्रणाच्या वेळचे सँपल रेट (दर सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने), बिट (प्रत्येक नमुन्याचा आकार) आणि चॅनेल अचूक द्यावेत. २४ बिटच्या मुद्रणात प्रत्येक नमुना ३ बाइटचा असतो. वाचनाची सुरुवात एक-दोन बाइटने जरी चुकली, तरी संगीताऐवजी नुसता खरखराट ऐकू येतो आणि फाइल खराब झाली असे वाटून लोक ती टाकून देतात. आरंभ एकेक बाइटने पुढे सरकवून पाहिला की तोच खरखराट एकदम स्वच्छ आवाजात बदलतो. रेकॉर्डरच्या स्मृतीत असलेले, पण कार्डावर न उतरलेले शेवटचे काही सेकंद मात्र मिळत नाहीत.

यापुढे अडॅप्टर लावलेला असला तरी आत ताजे सेल असू द्या आणि कार्यक्रमापूर्वी मुद्रण चालू ठेवून, सगळे माइक जोडलेले असताना, अडॅप्टरची पिन उपसून पाहा. पुरवठा आपोआप सेलवर जातो की नाही, हे माहितीपुस्तिकेपेक्षा या चाचणीतून खात्रीने कळते. लांब मुद्रणाचे खंड न पडता तुकडे करण्याची सोय रेकॉर्डरमध्ये असेल तर ती वापरावी, म्हणजे धोका चालू तुकड्यापुरताच राहतो.

प्रश्न : २०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक भरलेली असूनही रेकॉर्डर मध्येच बंद होतो. ती नक्की किती तास पुरायला हवी?

बहुतेक पॉवर बँका फोनसाठी बनवलेल्या असतात. बाहेर जाणारा प्रवाह फार कमी झाला की फोन भरला असे मानून त्या पुरवठा तोडतात, आणि लहान रेकॉर्डरचा प्रवाह त्या मर्यादेखाली सहज जातो. कमी प्रवाहासाठी वेगळी सोय असलेलीच बँक घ्यावी. मुद्रण चालू असताना तिच्या दुसऱ्या छिद्रात फोन लावू नये, कारण काही बँकांत नवे उपकरण जोडताच सर्व छिद्रांचा पुरवठा क्षणभर तुटतो.

हिशेब वॉट-तासांत करावा. बँकेवरचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे तिच्यात ७४ वॉट-तास ऊर्जा असते आणि व्होल्टेज बदलताना होणारी घट वजा जाता साधारण ६३ उरतात. यंत्राचा खर्च मोजताना फँटम पॉवर, म्हणजे माइकला ध्वनीच्या तारेतूनच दिली जाणारी वीज, विसरू नये. ४८ व्होल्टच्या फँटमवर एक माइक १० मिलीअँपिअरपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धा वॉट घेऊ शकतो. एकूण खर्च ४ वॉट भरला तर कागदावर पंधरा तास येतात. सेल जुने होतात आणि थंडीत त्यांची क्षमता घटते, म्हणून मी दहाच तास धरीन.

प्रश्न : बहुट्रॅक (प्रत्येक माइकचा आवाज वेगळा ठेवणारे) मुद्रण लॅपटॉपवर करतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असताना यूपीएसची गरज आहे का?

आहे, पण लॅपटॉपसाठी नाही. वीज जाताच स्टेजबॉक्स (मंचावरच्या माइकच्या तारा जिथे जोडतात ती पेटी) आणि डिजिटल मिक्सर बंद पडतात, माइकचे फँटम जाते आणि लॅपटॉप चालू असूनही त्याच्याकडे आवाज येणेच थांबते. वीज लगेच परतली तरी मिक्सर पुन्हा उभा राहीपर्यंतचा भाग गेलेला असतो आणि बऱ्याचदा सॉफ्टवेअरनेही मुद्रण थांबवलेले असते. म्हणून माइकपासून हार्ड डिस्कपर्यंत आवाज ज्या ज्या पेटीतून जातो, तिला वीज कुठून मिळते ते कागदावर लिहून काढा आणि भिंतीतल्या विजेवर चालणारी प्रत्येक पेटी यूपीएसवर घ्या.

यूपीएस शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देणारा असावा. साध्या प्रकारात बॅटरीवर जाताना काही मिलीसेकंदांचा खंड पडतो. बहुतेक मिक्सर तो सोसतात, पण आपला सोसतो की नाही हे करून पाहावे. ‘ऑनलाइन’ प्रकारात हा खंडच नसतो. क्षमता पाहताना व्हीए (व्होल्ट-अँपिअर) नव्हे, वॉटचा आकडा पाहावा. दिवे आणि अँप्लिफायर त्यावर कधीही घेऊ नयेत. त्याचा इशाऱ्याचा बीप आधीच बंद करावा, कारण वीज गेल्यावर नेमका तोच माइकमध्ये शिरतो.

इतके करूनही दुसरा रेकॉर्डर हवाच, आणि याबाबत मी आग्रही आहे. मात्र तो मिक्सरच्या आउटपुटवर लावला तर मिक्सरबरोबर तोही मुका होतो. त्याला स्वतःचे दोन माइक, स्वतःची बॅटरी आणि स्वतःचे कार्ड द्यावे. मुख्य यंत्रणेशी एकही दुवा सामायिक नसेल, तरच त्याला राखीव म्हणता येईल. अशा स्टिरिओ मुद्रणात मिश्रणाची मोकळीक नसते, पण कार्यक्रम अखंड हाती राहतो.

प्रश्न : जनरेटरवर मुद्रण करताना घूं असा आवाज येतो. अर्थिंगची पिन काढावी, असा सल्ला मिळाला. तो योग्य आहे का?

अजिबात नाही. अर्थिंग माणसाच्या जिवासाठी असते. एखाद्या उपकरणात बिघाड झाला आणि कलाकाराने एका हातात माइक धरून दुसरा हात दुसऱ्या उपकरणाला लावला, तर प्रवाह त्याच्या शरीरातून वाहू शकतो. घूं आवाज बहुधा दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ जोडल्यामुळे येतो. ध्वनीची सर्व उपकरणे एकाच वितरण-पेटीवर घ्यावीत. तरीही आवाज राहिला तर रेकॉर्डर बॅटरीवर चालवावा किंवा मिक्सरकडून येणाऱ्या ध्वनीच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे देणारा) घालावा. दिव्यांसाठी, विशेषतः त्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरसाठी, जनरेटरवरून वेगळी लाइन मागावी आणि इंधन भरण्यासाठी तो कधी थांबवणार, हे चालकाशी आधीच ठरवून ती वेळ मध्यंतरात येईल असे पाहावे.